फोटो-व्हिडिओसाठी नवा लॅपटॉप : खरेदी एका दिवसाची, घरबदल महिन्याचा

लग्नाच्या तारखा संपत आल्या, की जुळे सोलापुरातल्या फोटोग्राफर मंडळींत एक प्रश्न हमखास फिरू लागतो : ‘एडिटिंगला नवा लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ?’ उत्तरे देणारेही लगेच भेटतात. कुणी ‘आय-सेव्हन घे’ म्हणतो, कुणी ‘ग्राफिक कार्ड असलेला बघ’, तर कुणी डोळे झाकून मॅकबुक सुचवतो. या उत्तरांत विचारणाऱ्याचे काम मात्र कुठेच नसते. त्याचा कॅमेरा कोणता, तो व्हिडिओ कोणत्या प्रकारात चित्रित करतो, अल्बमवर ‘चि. सौ. कां.’ कोणत्या फॉन्टमध्ये टाइप करतो आणि गेल्या पाच वर्षांतली लग्ने कोणत्या डिस्कवर पडून आहेत, हे कुणी विचारत नाही. लॅपटॉप निवडण्यापेक्षा जुन्यावरून नव्यावर जाणे हे जास्त अवघड आणि जास्त जोखमीचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खरेदीवर आपण पंधरा दिवस डोके घालतो आणि स्थलांतर एका रात्रीत उरकतो. खरे तर हे उलटे व्हायला हवे.

आताच हा प्रश्न एवढा का पेटला?

त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाले. ती फक्त मुदतवाढ होती. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाहेर पडले. मॅकवाल्यांचीही सुटका नाही. अॅपलने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम-वन आणून इंटेलची साथ सोडली आणि ‘टाहो’ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे २०२५ मध्ये सांगून टाकले.

त्यात २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे कंपन्या वळल्या आणि आपल्या लॅपटॉपमध्ये बसणारी रॅम महागली. ‘आत्ता आठ जीबी घेतो, पुढच्या वर्षी वाढवतो’ हा सोलापुरी हिशेब त्यामुळे दोन्हीकडून फसतो. एक तर वाढवताना रॅम महाग पडेल. आणि आजकालच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डलाच डाक देऊन बसवलेली असते, वाढवताच येत नाही. मॅकबुकमध्ये तर नाहीच नाही. फोटोंसाठी सोळा जीबी आणि फोर-के व्हिडिओ नियमित करत असाल तर बत्तीस जीबी, हे पहिल्याच दिवशी घ्यायचे. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल, रॅममध्ये तडजोड नको.

जुना खरेच थकला आहे का?

दुकानात जाण्याआधी हे तपासा. ‘लॅपटॉप स्लो झाला’ या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात. सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असण्याची शक्यता मोठी. ती काढून एसएसडी बसवली, की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. फोटोशॉपमध्ये चार लेयर उघडल्यावर सगळे गोठत असेल, तर रॅम कमी आहे. पहिली दहा मिनिटे बरा चालून नंतर दमत असेल, तर पंख्यात धूळ आहे किंवा आतली थर्मल पेस्ट वाळली आहे. विजापूर रस्त्याकडेला ज्यांचे दुकान आहे, त्यांना धुळीबद्दल वेगळे सांगायला नको.

चौथा आजार मात्र लॅपटॉपचा नसतोच. तो कॅमेऱ्याचा असतो.

सोनीच्या ए-सेव्हन थ्रीवर वर्षानुवर्षे लग्ने केलेला एखादा फोटोग्राफर ए-सेव्हन फोरवर जातो. फुटेज कार्डवरून उतरवतो, टाइमलाइनवर टाकतो आणि कालपर्यंत सुतासारखा चालणारा लॅपटॉप अडखळू लागतो. दोन्ही वेळा फुटेज फोर-केच असते, मग बिघडले काय? जुना कॅमेरा ८ बिट ४:२:० प्रकारात रेकॉर्ड करायचा. नव्यात १० बिट ४:२:२ ची सोय आली आणि ती चालू केली गेली. हे आकडे रंगाच्या माहितीचे आहेत. ४:२:० मध्ये चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाचा एकच नमुना ठेवला जातो, ४:२:२ मध्ये दोन. ८ बिटमध्ये लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ छटा, तर १० बिटमध्ये १,०२४. नवरीच्या शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा नंतर दुरुस्त करायला याचा मोठा उपयोग होतो, यात वाद नाही.

अडचण अशी, की हे आवळलेले फुटेज उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा खास भाग लागतो आणि ४:२:२ उलगडणारा भाग सगळ्या चिपमध्ये नसतो. एच.२६५ मधले ४:२:२ इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स सहज उलगडते. अॅपलच्या एम मालिकेतल्या चिपही उलगडतात. एनव्हिडियाच्या कार्डांत मात्र ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. ४० आणि ३० मालिकेत ती नाही. म्हणजे एएमडीचा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४० मालिकेतले भारी कार्ड असलेला, लाखाच्या पुढचा गेमिंग लॅपटॉप या एका कामात त्याहून बऱ्याच स्वस्त इंटेलवाल्या लॅपटॉपच्या मागे पडू शकतो. दुकानदार हे सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाही ते माहीत नसते. ‘गेमिंगचा आहे ना, मग एडिटिंग तर लोण्यासारखं होईल’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट खरे आहे.

त्यामुळे खरेदीला जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःच्या कॅमेऱ्यातल्या दोन-तीन क्लिप न्या. दुकानात डेमोचा लॅपटॉप असेल तर त्यात टाकून बघा. नुसत्या प्लेअरमध्ये चालतात की नाही, एवढे पाहिले तरी अंदाज येतो. सगळी दुकाने परवानगी देणार नाहीत. पण एक-दीड लाखाच्या गिऱ्हाइकाला एवढे विचारण्याचा हक्क आहे.

आणि पैसे नसतील तर? तर प्रॉक्सी. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर एडिटिंग करायचे आणि शेवटी एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरने मूळ फाइली घ्यायच्या. प्रीमिअरमध्ये ही सोय आहे, दाविंची रिझॉल्व्हमध्येही आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावून झोपायचे, सकाळी काम सुरू. एक हंगाम यावर सहज निघतो. कर्ज काढून घाईने लॅपटॉप घेण्यापेक्षा हे शहाणपणाचे, असे मी तरी म्हणेन.

सोलापूरचे ऊन कंपनीच्या चाचणीत नसते

यूट्यूबवरचे लॅपटॉप परीक्षण बहुधा एसी लावलेल्या खोलीत होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि नेमकी तीच लग्नसराई. मॅकबुक १० ते ३५ अंश तापमानात वापरावे, असे अॅपल स्वतः सांगते. इतर अनेक कंपन्यांची मर्यादाही ३५ अंशांच्याच आसपास असते. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत दुपारी तीनला खोलीच ३८ अंशांवर असेल, तर लॅपटॉपने उष्णता टाकायची कुठे? चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मग दोन तासांचा एक्स्पोर्ट साडेतीन तास चालतो.

याचा निवडीवर परिणाम व्हायला हवा. मॅकबुक एअरमध्ये पंखा नसतो. फोटो, रील, छोट्या फिल्मसाठी ते उत्तम यंत्र आहे. पण मे महिन्यात तीन तासांचे पारंपरिक लग्नाचे व्हिडिओ सलग काढायचे असतील, तर पंखा असलेला प्रोच बरा. विंडोजमध्येही दिसायला देखणा, सव्वा किलोचा पातळ लॅपटॉप एडिटिंगच्या मुख्य कामाला घेऊ नये. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘यू’ असेल तर तो बॅटरी वाचवणारा, ‘एच’ असेल तर जास्त वीज खाऊन जास्त काम करणारा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ग्राफिक कार्डाचेही तसेच. आरटीएक्स ४०५० हे नाव एकच, पण उत्पादक ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवू शकतो. दोन लॅपटॉपच्या डब्यावर एकच नाव असते आणि आतल्या कामात जमीन-अस्मानाचा फरक. ‘कार्ड किती वॉटचे?’ असे विचारा. समोरचा गोंधळला, तर मॉडेल क्रमांक घेऊन घरी या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर बघा.

जड लॅपटॉप न्यायला त्रास होतो, हे खरे. पण मंगल कार्यालयात लॅपटॉप उघडून आपण करतो काय? कार्ड रिकामे करतो. ते काम जुनाही करेल.

रंग दिसला नाही तर दुरुस्त कसा होणार?

सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा ज्यांनी टिपला आहे, त्यांना हा मुद्दा पटकन समजेल. संक्रांतीच्या सुमाराचे लख्ख ऊन, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भाविक आणि उंच नंदीध्वज. पांढरा थोडा जास्त झाला की कापडाची चुणी दिसेनाशी होते, थोडा कमी केला की चेहरे काळवंडतात. रॉ फाइलमध्ये ही माहिती असते. स्वस्त पडदा ती दाखवत नाही. अनेक स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. याचा अर्थ, नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम दोन तृतीयांश रंग त्यावर उमटतात. अशा पडद्यावर फिका दिसणारा शालू आपण गडद करतो आणि लॅबमधून अल्बम येतो तेव्हा तो भडक असतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ ही अट म्हणून सोडायची नाही.

ओएलईडी पडद्याचा उलटा धोका आहे. तो एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवतो, म्हणून सगळेच फोटो नटलेले दिसतात. आपण रंग उतरवतो आणि छापील पान फिके येते. अशा लॅपटॉपमध्ये एसआरजीबी मोड निवडण्याची सोय असते, ती वापरा. शिवाय पडद्याचा प्रकाश पूर्ण ठेवून काम करू नका. ‘अल्बम काळपट आला’ या तक्रारींचे मूळ अनेकदा छपाईत नसते, शंभर टक्के उजळ ठेवलेल्या पडद्यात असते. नवा लॅपटॉप आल्यावर लॅबमध्ये आधी छापलेला एखादा जुना फोटो हातात घ्या, तीच फाइल पडद्यावर उघडा आणि प्रकाश, रंग त्याच्याशी जुळवा. कॅलिब्रेटर असेल तर उत्तमच. नसेल तर निदान एवढे करा.

हे फक्त लग्नवाल्यांना लागू नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरी आणि टॉवेल आता ऑनलाइन विकले जातात आणि त्यांचे फोटो इथेच काढले जातात. फोटोत मरून दिसलेली चादर घरी पोचल्यावर विटकरी निघाली, की माल परत येतो. तिथे तर रंग म्हणजे थेट पैसे.

साठ्याचा हिशेब

दोन कॅमेरे, प्रत्येकी चार तास, फोर-के, सेकंदाला १०० मेगाबिट. तासाला ४५ जीबी, म्हणजे आठ तासांचे ३६० जीबी. त्यात तीन हजार रॉ फोटो, प्रत्येकी ३० एमबी धरले तर आणखी ९० जीबी. एका लग्नाचे झाले साडेचारशे जीबी. ‘५१२ जीबी एसएसडी’ असलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि सॉफ्टवेअर वजा जाता हे एक लग्नसुद्धा मावत नाही. हंगामात दहा लग्ने केली तर साडेचार टीबी.

म्हणून आत एक टीबी, आणि चालू कामासाठी बाहेरची एक चांगली एसएसडी, एवढे बजेटमध्ये लॅपटॉपइतकेच महत्त्वाचे धरा. वेगातला फरकही बघा. साडेचारशे जीबी साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायला तासभर लागतो. चांगल्या एसएसडीवर योग्य पोर्टमधून दहा-पंधरा मिनिटांत काम होते. आणि तीच एसएसडी मोबाइलच्या चार्जिंगच्या वायरने जोडली तर तीन तासांहून अधिक, कारण अशा बहुतेक वायरी यूएसबी २.० च्याच वेगाच्या असतात. एसएसडी हळू चालते म्हणून शिव्या देण्याआधी वायर बदलून बघावी.

काही दिवसांआड येणारे पाणी सोलापूरकराने हौदात, गच्चीवरच्या टाकीत आणि स्वयंपाकघरातल्या पिंपात असे तीन ठिकाणी भरून ठेवलेले असते. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. तोच माणूस ग्राहकाच्या लग्नाची एकुलती एक प्रत एकाच डिस्कवर ठेवून निर्धास्त झोपतो, हे मला आजवर कोडे वाटत आले आहे. अल्बम पोचेपर्यंत तीन प्रती, त्यातली एक स्टुडिओबाहेर, म्हणजे घरी किंवा क्लाउडवर. मंगळसूत्र घालतानाचा क्षण पुन्हा चित्रित करता येत नाही.

मॅक की विंडोज?

या वादात मी ग्राहकाला एकच प्रश्न विचारेन : तुम्ही कशात एडिट करता? आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओसाठी एडियस वापरणारे अजून मोठ्या संख्येने आहेत. एडियस फक्त विंडोजवर चालते. मॅक घेतला, की जुने प्रोजेक्ट, तयार टेम्पलेट, बोटांना बसलेले शॉर्टकट, सगळे मागे राहते. नवे सॉफ्टवेअर शिकायला वेळ द्यायची तयारी असेल तर जरूर जा. तसे अनेक जण गेले आहेत आणि सुखात आहेत. पण ऐन हंगामात हा प्रयोग नको. प्रीमिअर, फोटोशॉप, लाइटरूम किंवा रिझॉल्व्ह वापरत असाल, तर दोन्हीकडे तेच मिळते आणि निवड मोकळी राहते.

मॅकवर जाणाऱ्यांना पहिल्याच दिवशी धक्का देणारी गोष्ट म्हणजे जुन्या डिस्क. विंडोजवर वापरलेल्या बहुतेक मोठ्या डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात. मॅक त्या वाचतो, पण जास्तीचे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यांवर लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारी पद्धत एक्सफॅट. पण डिस्क एक्सफॅट करायची म्हणजे आधी ती रिकामी करावी लागते. सहा डिस्क भरलेल्या असतील, तर सातवी लागणार, हे बजेटमध्ये धरा.

विंडोजमध्ये आता स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉपही आले आहेत. बॅटरी छान, गरम कमी. मात्र त्यांच्यासाठी खास बनवलेला ड्रायव्हर नसेल, तर जुना प्रिंटर, जुना डोंगल, जुने उपकरण त्यांवर चालत नाही. स्टुडिओत अशी जुनी मंडळी बरीच असतात, तेव्हा आधी चौकशी करा.

हलवाहलव : खरे काम इथे आहे

मराठी फॉन्टपासून सुरुवात करू, कारण त्याबद्दल इंग्रजी व्हिडिओ कधीच बोलत नाहीत. आपल्या अल्बमच्या पीएसडी फाइलींत श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर असतो. तो युनिकोड नसतो. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मराठी डीटीपीच्या काही जुन्या सॉफ्टवेअरना डोंगल लागतो, तोही आठवणीने बघा. जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच फॉन्टचे फोल्डर बाजूला काढा आणि नेहमी लागणाऱ्या टेम्पलेटमधला मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे तुटून दिसली, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ लेआउट निवडले की ती जुळतात. सोलापुरात पत्रिका आणि अल्बम मराठीबरोबर कन्नड, तेलुगूतही लागतात. युनिकोडवर गेलात की तिन्ही लिप्यांचा प्रश्न एकदमच सुटतो.

लाइटरूममध्ये केलेले संस्कार फोटोत नसतात, कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलीत असतात. फोटोंचे फोल्डर नेले आणि कॅटलॉग राहिला, तर हजारो फोटोंची मेहनत जुन्या लॅपटॉपमध्येच अडकते. कॅटलॉग नेला आणि बाहेरच्या डिस्कचे अक्षर ‘ई’चे ‘डी’ झाले, तर सगळ्या फोल्डरवर प्रश्नचिन्हे उमटतात. तेव्हा घाबरू नका. फोल्डरवर उजवी क्लिक करून हरवलेले फोल्डर शोधायला सांगा, किंवा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनेच अक्षर द्या.

रिझॉल्व्हचा सापळा याहून फसवा. त्याचे प्रोजेक्ट तुमच्या फोल्डरात फाइल म्हणून पडलेले नसतात. ते त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात. सगळे फोल्डर प्रामाणिकपणे कॉपी करूनही प्रोजेक्ट येत नाहीत, ते यामुळे. प्रत्येक प्रोजेक्ट आधी एक्स्पोर्ट करायचा, फुटेजसकट हवा असेल तर आर्काइव्ह करायचा. आणि नव्या आवृत्तीत एकदा उघडलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, त्यामुळे अर्धे काम इकडे, अर्धे तिकडे करू नका.

कॉपी करताना कट-पेस्ट कधीही नाही. मध्येच वळीव येतो, वीज जाते, डिस्कची वायर हलते. कॉपी करा, मग फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळवा. टेराकॉपीसारखे साधन कॉपी झाल्यावर पडताळणीही करते. चार टीबीची हार्ड डिस्क पूर्ण उतरायला नऊ-दहा तास लागतात, म्हणजे हे काम रात्रींचे आहे, तासांचे नाही.

नव्या लॅपटॉपवर पहिले काम म्हणून चालू ऑर्डर घेऊ नका. आधीच देऊन झालेले एखादे जुने लग्न घ्या आणि कार्ड उतरवण्यापासून अल्बमच्या फाइली आणि व्हिडिओपर्यंत ते नव्यावर पूर्ण करा. जे अडेल ते इथेच अडेल. मग एक छोटे नवे काम, साखरपुडा किंवा बारसे. नंतरच लग्न. तोवर जुना लॅपटॉप टेबलावर तसाच चालू राहू द्या.

आता वेळ. दिवाळीच्या ऑफरमध्ये लॅपटॉप घ्यायचा आणि तुळशीच्या लग्नानंतर लगेच हंगाम सुरू, ही आपली नेहमीची रीत. मधे जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात आणि त्यातही दिवाळीच. चातुर्मासात लग्ने थांबलेली असतात. आषाढ किंवा पितृपक्ष हा स्टुडिओ हलवायचा खरा काळ. ऑफर दोन-चार हजारांनी हुकली तरी हरकत नाही.

क्रॅकचे काय?

हा विषय काढला, की लोक हसून बाजूला बघतात. दुकानातच ‘फोटोशॉप टाकून देतो’ म्हणणारे भेटतात. नैतिकतेचे व्याख्यान मी देणार नाही, व्यवहाराचे सांगतो. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि त्याच लॅपटॉपला ग्राहकांच्या लग्नाच्या डिस्क जोडलेल्या असतात. सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला यापेक्षा मोकळे दार कोणते? रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फोर-के यूएचडीपर्यंतचे व्हिडिओ देते. फुटेज वेगाने उलगडण्याच्या काही सोयी मात्र पैसे भरलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत आणि ती एकदाच विकत घ्यायची असते. अफिनिटी हे फोटोंचे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झाले. मराठी जोडाक्षरे त्यात तुमच्या मनासारखी उमटतात का, तेवढे वापरून बघा. अॅडोबीचे महिन्याचे भाडे जड वाटते, हे मान्य. पण एका लॅपटॉपवर लाखभर खर्च करणाऱ्याने ते लॅपटॉपच्या किमतीतच धरलेले बरे. नोंदणीकृत व्यावसायिक असाल, तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्या. लॅपटॉपवरचा १८ टक्के कर वजावटीत मिळतो.

आणि जुना लॅपटॉप

तो एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई नको. चांगली किंमत येत नाही आणि त्याच्यातले काय राहिले, हे दोन-तीन महिन्यांनीच कळते. जुन्या फॉन्टच्या फाइली उघडायला, बिले करायला, कार्यालयात कार्ड उतरवायला तो चालतो. विंडोज १० वर असेल तर इंटरनेटपासून तोडून ठेवावा.

विकायचाच झाला, तर नुसते डिलीट करून देऊ नका. त्यात शेकडो घरांचे समारंभ आहेत, नवऱ्या मुलींचे तयारीच्या खोलीतले फोटो आहेत, आणि डिलीट केलेल्या फाइली हार्ड डिस्कवरून परत काढता येतात. विंडोजच्या रिसेटमध्ये ‘सगळे काढून टाका’ निवडून, त्याखालच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय चालू करा. वेळ लागतो, लागू द्या.

नव्याबाबतही एक काम त्याच दिवशी उरका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले, की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरी झाली तर हे चांगलेच. पण पुढे कधी मदरबोर्ड बदलावा लागला, तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर आतला डेटा कुणालाच उघडता येत नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की जपलेली असते. ते खाते दुकानातल्या मुलाने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिलेले नाही ना, एवढे आज बघा, आणि की कागदावर उतरवून बिलाच्या पाकिटात ठेवा.